शिक्षणाचीं साधनें : धूळपाटीपासून पडद्यापर्यंत

जून महिना जवळ आला म्हणजे घरोघरीं वह्यापुस्तकांच्या यादीबरोबर हल्लीं आणखी एका वस्तूचा विचार सुरू होतो. मुलाला अभ्यासासाठीं मोबाईल किंवा टॅब्लेट घेऊन द्यावा कीं नाहीं, हा तो विचार होय. शाळांपुढेंही हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा असतो. वर्गांत मोठा पडदा बसवावा, प्रयोगशाळेंत भांडीं आणावीं, कीं ग्रंथालयांत पुस्तकांची भर घालावी? पैसा एकच आणि वाटा अनेक! नांदगांवसारख्या गांवीं रेल्वेंतील नोकर, दुकानदार, शेतकरी व रोजंदारीनें काम करणारे अशा सर्वांचीं मुलें एकाच बाकावर बसतात. येथें या प्रश्नाचें उत्तर चुकलें, तर त्या चुकीचा भार सर्वांत गरीब घरावर पडतो. म्हणून शिक्षणाच्या साधनांचा थोडासा इतिहास सांगून, चांगलें साधन ओळखावें कसें, हें या लेखांत दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडे लेखनाचा आरंभ धुळींत होत असे. पंतोजींच्या शाळेंत लांकडी पाटीवर बारीक धूळ पसरून मूल तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर गिरवी. हात फिरविला कीं पाटी पुन्हां कोरी! 'धुळाक्षरें' हा शब्द याच रीतींतून आला आहे. परंतु धूळपाटी हें केवळ बाळगोपाळांचें साधन होतें असें कोणी समजूं नये. आंकडेमोडीच्या गणिताला आपले जुने ग्रंथकार 'पाटीगणित' म्हणत, आणि 'धूलिकर्म' असाही शब्द त्यांच्या लेखनांत आढळतो. एका थोर विद्येचें नांवच तिच्या साधनावरून पडलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या विद्येचे आचार्य भास्कराचार्य यांनीं 'लीलावती' हा ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमारास रचिला. नांदगांवाहून भुसावळच्या बाजूस निघालें म्हणजे चाळीसगांव लागतें, आणि तेथून जवळच डोंगराच्या कुशींत पाटणादेवीचें स्थान आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं तेथें मठ स्थापिल्याची नोंद इ. स. १२०७ च्या शिलालेखांत आहे. तेव्हां उत्तम विद्यालय हें दूरच्या मोठ्या शहरींच असावें लागतें, असें निदान आपण नांदगांवकरांनीं तरी मानण्याचें कारण नाहीं.

धुळींतल्या या अक्षरांनीं समुद्रपर्यटनही केलें आहे. इ. स. १७८९ मध्यें मद्रास येथें अनाथ मुलांच्या एका शाळेवर अँड्र्यू बेल नांवाचे पाद्री अधिकारी होते. देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढीत असलेलीं त्यांनीं पाहिलीं, आणि तीच रीत आपल्या शाळेंत सुरू केली. पुढें १७९७ सालीं त्यांनीं या प्रयोगाची हकीकत लंडन येथें प्रसिद्ध केली. मोठ्या मुलांनीं लहानांस शिकवावें आणि लहानांनीं वाळूंत गिरवावें, ही पद्धति त्यानंतर इंग्लंडांतील गरिबांच्या शाळांतून पसरली. साधन जुनें आहे किंवा खेडवळ आहे, एवढ्यावरून तें हिणकस ठरत नाहीं, याचा हा उत्तम दाखला होय.

या धूळपाटींत असा कोणता गुण होता? आमच्या मतें तिचे गुण तीन होते. पहिला हा कीं, ती मुलाच्या हाताला काम देई. मुलाला नुसतें पाहत बसतां येत नसे. अक्षर त्याला स्वतः काढावें लागे. दुसरा हा कीं, तींत चुकण्याची भीति नसे. अक्षर वांकडें आलें तर तें डोळ्यांना तात्काळ दिसे, आणि पुसून पुन्हां काढावयास कांहीं खर्च पडत नसे. तिसरा हा कीं, ती कोणालाही मिळे, कारण धुळीला मोल पडत नाहीं. हाताला काम, चूक सुधारण्याची सोय आणि सर्वांना लाभ, या तीन कसोट्या वाचकांनीं मनांत ठेवाव्या. पुढें येणाऱ्या प्रत्येक साधनाला आपण त्याच लावून पाहणार आहोंत.

धुळीनंतर दगडी पाटी आली. ती सरस होती, कारण तिच्यावरील अक्षर वाऱ्यानें उडत नसे. आणि धूळपाटीचे तिन्ही गुण तिच्यांत बहुतेक तसेच राहिले. फळा म्हणजे साऱ्या वर्गाची मिळून एक मोठी पाटी. एडिंबरो येथील जेम्स पिलन्स या शिक्षकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फळा व रंगीत खडू घेऊन भूगोल शिकविला, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. फळ्याचा खरा गुण त्याच्या मंदपणांत आहे. शिक्षक एक एक रेघ काढतो, तसतसा विद्यार्थ्याचा विचार तिच्या मागोमाग चालतो. तयार झालेला नकाशा एकदम समोर टांगला तर नदी कोठून निघाली व कोठें वळली हें पाहण्यास डोळा थांबत नाहीं. तीच नदी खडूनें हळूहळू उतरत आली म्हणजे ध्यानांत राहते. आणि या साध्या फळ्याचीही आपल्या देशांत किती वाण होती पाहा! सरकारनें १९८७ सालीं प्राथमिक शाळांसाठीं एक मोठी योजना हातीं घेतली, तिचें नांवच 'खडू-फळा मोहीम' असें पडलें. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, तक्ते, पुस्तकें यांसारखें आवश्यक साहित्य मिळावें, हा तिचा हेतु होता.

छापील पुस्तक हें पुढचें साधन. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईस मराठी शालेय पुस्तकें छापूं लागलीं. त्यापूर्वीं पाठ उतरून घेणें अगर मुखोद्गत करणें एवढेंच विद्यार्थ्याच्या हातीं असे. पुढें २७ जानेवारी १९६७ रोजीं पुणें येथें पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झालें, आणि खेड्यांतल्या व शहरांतल्या मुलांच्या हातीं तेंच पुस्तक पडूं लागलें. सर्वांना लाभ ही कसोटी पुस्तकानें चांगली उतरविली. परंतु पहिल्या कसोटीला तें अपुरें पडतें. पुस्तक न समजतांही पाठ करतां येतें, आणि पाठ झालेल्या मजकुराला ज्ञान समजण्याची चूक विद्यार्थी व पालक दोघेही करितात.

ही उणीव ओळखून मुलांच्या हातीं प्रत्यक्ष वस्तु देणारे शिक्षक महाराष्ट्रांत झाले. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें, व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतींतील साधनें उत्तम, पण खेड्याला न परवडणारीं. तेव्हां या दोघींनीं बिया, शिंपले, खडे, पानें, माती अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंपासून साधनें उभीं केलीं. तत्त्व तेंच ठेवलें, मोल मात्र काढून टाकलें. अलीकडच्या काळांत अरविंद गुप्ता यांनीं विज्ञानाच्या बाबतींत हेंच केलें. आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृति, आणि टाकाऊ वस्तूंपासून शेंकडों खेळणीं त्यांनीं सिद्ध केलीं. पुण्यांतील आयुका या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रांत त्यांनीं अनेक वर्षें हें काम केलें. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. अशा खेळण्यांत एक विशेष आहे. तें मोडलें तर मूल रडत नाहीं. तें पुन्हां बनवितें, आणि बनवितांना दुप्पट शिकतें.

आतां पडद्याकडे वळूं. शाळेंतील पडदा आपणांस वाटतो तितका नवा नाहीं. १९८४ सालीं पुणें येथें 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली, व तिचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसूं लागले. ते मुलांनीं आवडीनें पाहिले. परंतु कार्यक्रमाची वेळ व वर्गाची वेळ जुळावी लागे. न समजलेला भाग थांबवून पुन्हां पाहतां येत नसे. आणि पडद्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ही संस्था २०१७ सालीं बंद झाली. थांबविणें, मागें जाणें आणि हवें तेव्हां पाहणें या तीन गोष्टी नंतर मोबाईलनें साध्य केल्या. हा लाभ लहान नव्हे, आणि तो नाकारणें अन्यायाचें होईल.

या लाभाचा सुबक उपयोग सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनीं केला. पाठ्यपुस्तकांतील धड्यांना त्यांनीं क्यूआर कोड जोडले. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरिला कीं त्या धड्याची कविता ऐकूं येई किंवा चित्रफीत दिसे. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊं लागले. २०२० सालीं डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती. तींतील निम्मी त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली.

हा काळ्यापांढऱ्या चौकटींचा ठसा काय आहे, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनींत मासाहिरो हारा यांनीं तो १९९४ सालीं तयार केला, आणि तोही शाळेसाठीं नव्हे, तर मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठीं. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांवरून कॅमेऱ्याला ठशाची सुलटी बाजू कळते. उरलेल्या बारीक चौकटींपैकीं काळी म्हणजे एक व पांढरी म्हणजे शून्य, अशा भाषेंत मजकूर लिहिलेला असतो. मजकुराबरोबर त्याचा पडताळाही नोंदलेला असल्यामुळें, योग्य रीतीनें केलेल्या ठशाचा जवळजवळ तीस टक्के भाग मळला किंवा फाटला तरी तो वाचतां येतो. पण ध्यानांत ठेवावयाची गोष्ट निराळीच आहे. पुस्तकावरील या ठशांत धडा नसतो, धड्याचा केवळ पत्ता असतो. पत्ता हातीं असून घरीं पोहोंचण्यास वाट नसेल, म्हणजे मोबाईल नसेल, त्यांत पैसे भरलेले नसतील किंवा गांवांत संपर्क मिळत नसेल, तर ठसा मुका राहतो.

या मुकेपणाचा अनुभव सर्व महाराष्ट्रानें २०२० सालीं घेतला. मार्च महिन्यांत साथीमुळें शाळा बंद झाल्या व शिक्षण मोबाईलवर गेलें. ज्या घरीं एकच मोबाईल होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, त्या घरचीं मुलें दिवसभर वर्गाबाहेर राहिलीं. ज्या घरीं तोही नव्हता, तेथील मुलांचें शिकणें थांबलें. अशा वेळीं सोलापुरांतील नीलमनगर या कामकऱ्यांच्या वस्तींत शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर धडे, पाढे व आकृति रंगविल्या. जातां येतां मुलें भिंती वाचूं लागलीं. अत्यंत नवें साधन जेथें पोहोंचलें नाहीं, तेथें फळ्याचाच एक जुना अवतार कामास आला. यावरून मोबाईल वाईट ठरत नाहीं. मात्र एकाच साधनावर सर्व भार टाकणें वाईट, हें निश्चित ठरतें.

आतांपर्यंत इतिहास झाला. तीन कसोट्यांना पूर्ण उतरणारें एक साधन प्रत्येक विद्यार्थ्यानें घरीं वापरून पाहावें, अशी आमची इच्छा आहे. त्याला लागते एक सरळ काठी, थोडी सपाट जमीन, दोरी, खडू आणि घड्याळ. जुने ज्योतिषी या काठीला शंकु म्हणत, आणि शंकूच्या छायेचें गणित 'लीलावती'मध्येंही दिलेलें आहे.

एक मीटर उंचीची काठी अंगणांत अगदीं उभी रोंवावी. ती सरळ आहे कीं नाहीं हें दोरीला दगड बांधून, ओळंबा धरून पाहावें. सकाळीं दहा साडेदहाच्या सुमारास काठीची सावली जेवढी असेल तेवढी दोरी घेऊन काठीभोंवतीं वर्तुळ काढावें. सावलीचें टोंक वर्तुळाला जेथें टेकलें असेल तेथें खूण करून वेळ लिहून ठेवावी. सूर्य वर चढेल तशी सावली आंखडून वर्तुळाच्या आंत येईल व दुपारनंतर पुन्हां वाढेल. तिचें टोंक दुसऱ्यांदा वर्तुळाला टेकेल तेव्हां तेथेंही खूण करून वेळ लिहावी. या दोन वेळांचा मध्य म्हणजे नांदगांवची खरी दुपार. आणि दोन खुणांच्या मध्यावरून काठीच्या बुडाकडे ओढलेली रेघ म्हणजे शुद्ध दक्षिणोत्तर रेघ. हें करितांना सूर्याकडे मात्र डोळे लावूं नयेत; आपणांस पाहावयाची आहे ती सावलीच.

ही दुपार स्टेशनावरच्या घड्याळाशीं ताडून पाहिली म्हणजे मोठी मौज दिसते. घड्याळांत बारा वाजतात, पण नांदगांवची दुपार तेव्हां झालेली नसते. वर्षाची सरासरी काढली तर ती सुमारें १२ वाजून ३१ मिनिटांनीं होते. कारण भारताची प्रमाण वेळ साडेब्यायशीं अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि नांदगांव सुमारें ७४.६ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटें लागतात. अंतर पावणेआठ अंशांहून थोडें अधिक, म्हणून ३१ मिनिटें. ही प्रमाण वेळ १९०६ सालापासून लागू झाली. त्यापूर्वीं आगगाड्या मद्रासच्या वेळेनें चालत. शिवाय ही दुपार रोज त्याच मिनिटाला होत नाहीं. नोव्हेंबरच्या आरंभीं ती सव्वाबाराच्या सुमारास होते, तर फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास पाऊण वाजतो. पृथ्वीचा आंस कललेला आहे व तिची सूर्याभोंवतींची वाट पूर्ण वर्तुळाकार नाहीं, या दोन कारणांचा हा परिणाम होय.

सावलीची लांबीही बोलकी आहे. २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस व रात्र जवळजवळ सारखीं असतां, एक मीटर काठीची दुपारची सावली येथें सुमारें ३७ सेंटीमीटर पडते. २२ डिसेंबरच्या सुमारास ती सुमारें ९६ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढी होते. आणि मे महिन्याच्या २१-२२ तारखेला दुपारीं ती अजीबात नाहींशी होते, कारण सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर दुपारची सावली उत्तरेस न पडतां किंचित् दक्षिणेस पडते, ती जुलैच्या २१-२२ तारखेपर्यंत. जुलैमध्यें ढग असतात. परंतु मे महिन्याची सुटी व नांदगांवचें ऊन यांची कधींच वाण नसते!

आतां या काठीला मोबाईलची जोड द्या. आपला कोणी आप्त नागपुरास असेल तर त्याला त्याच दिवशीं तीच कृति करावयास सांगावें. त्याची दुपार आपल्याआधीं सुमारें १८ मिनिटें झाल्याचें तो कळवील. त्या १८ ला चारांनीं भागलें कीं नांदगांव व नागपूर यांच्या रेखांशांतील अंतर, सुमारें साडेचार अंश, हातीं येतें. नकाशा काढून तें तपासून पाहा. पृथ्वी गोल आहे व फिरते आहे, हें वाक्य पहिल्या पुस्तकांत वाचलें होतें. तें आतां दोन अंगणांनीं व एका संभाषणानें पटलें. येथें मोबाईलनें उत्तर दिलें नाहीं. उत्तर शोधण्यास सोबत दिली. त्याचें योग्य स्थान आम्हांस हेंच वाटतें.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी आहे कीं, कोणतेंही साधन घेतांना त्याची किंमत व चकाकी पाहण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. यानें माझ्या मुलाचा हात व बुद्धि कामाला लागेल, कीं तें नुसतें पाहत बसेल? चुकलें तर चूक दिसून पुन्हां करून पाहण्याची सोय यांत आहे काय? आणि वर्गांतील ज्या सोबत्याच्या घरीं हें नाहीं, त्यालाही त्याचा कांहीं लाभ पोहोंचविण्याची रीत आहे काय? तिसरा प्रश्न दुसऱ्याच्या मुलाचा म्हणून वगळूं नये. सोबत्याला समजावून सांगणारें मूल स्वतः पक्कें शिकतें, हें बेलसाहेबांच्या वाळूच्या शाळेपासून सर्वांस ठाऊक आहे. ज्यांच्या घरीं मोबाईल आहे त्यांनीं दिवसांतील एक तास तो शेजारच्या मुलासह अभ्यासाला द्यावा. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं कर्ज काढून तो आणण्याची घाई करूं नये. शाळेचें ग्रंथालय, फळा व अंगण हीं त्यांचींच आहेत.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस सांगावयाचें तें एवढेंच. या सुटींत काठी रोंवा, खुणा करा, वेळा लिहून ठेवा. पाहिलें तसेंच लिहा. पुस्तकांतील आंकड्याशीं जुळत नसेल तर आंकडा बदलूं नका, काठी सरळ होती कीं नाहीं तें पुन्हां पाहा. जून महिन्यांत शाळा उघडेल तेव्हां ती वही घेऊन या. त्या वह्यांवरून नांदगांवच्या सावलीचा तक्ता करून वर्गाच्या भिंतीवर लावूं, आणि पुढील वर्षीं येणारीं मुलें त्यावरून शिकतील.